तलावावर ओरडायचं नसतं

ह्यांना नीट ऐकू येत नाही, ही गोष्ट भोपाळमध्ये दोनच माणसांना ठाऊक होती. एक मी आणि दुसरे कानाचे डॉक्टर. ह्यांना स्वतःला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती कितपत ठाऊक होती याची मला शंकाच आहे, कारण घरात कुणाचं बोलणं त्यांना कळलं नाही तर दोष नेहमी बोलणाऱ्याचा असायचा. "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस," हे मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी जीव खाऊन खाली ओरडले, "कुकर बंद करा." हे खाली पेपर वाचत बसले होते, ते बसलेच. शेजारीण मात्र धावत जाऊन आपला गॅस बंद करून आली.

हे मूळचे पुण्याचे. कारखान्यात इंजिनिअर म्हणून भोपाळला आले आणि इथेच राहिले. मी जन्मानंच इथली; आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले होते. माझ्या मराठीत नागपूर आणि हिंदी इतकी कालवलेली आहे की लग्नानंतर ह्यांनी ती सुधारायला घेतली आणि वर्षभरात नाद सोडला. बाकी संसारात मी तशी जुन्या वळणाची. सून माझ्या मुलाला नावानं हाक मारते, त्यात मला काही वावगं वाटत नाही, पण माझ्या जिभेवर ह्यांचं नाव यायचं नाही. उखाण्यात घेतलं होतं आणि एकदा हॉस्पिटलच्या खिडकीवर, तेही तिथल्या बाईनं दोनदा विचारल्यावर. एरवी 'अहो' वर सगळं भागलं.

पक्ष्यांचं वेड त्यांना पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये लागलं. घरासमोर मोठमोठी झाडं होती. ड्यूटीला निघण्याआधी चहाचा कप घेऊन हे ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि कोण कोण बोलतंय ते सांगायचे. डोळ्यांनी पक्षी ओळखणारे पुष्कळ असतात, हे कानांनी ओळखायचे. पुढे भोपाळच्या पक्षीवेड्यांची मंडळी भेटली, दर हिवाळ्यात मोठ्या तलावावर पाणपक्ष्यांची गणना सुरू झाली, आणि त्या मंडळींत ह्यांचे कान प्रसिद्ध झाले. झाडीत काही न दिसता नुसतं चिवचिवलं की सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. कारखान्यातल्या बढतीनं जेवढे खूश झाले नसतील तेवढे हे त्या बघण्यानं व्हायचे.

आणि त्याच कानांनी दगा दिला. त्यांच्या घराण्यातच ते आहे. सासरे शेवटी शेवटी फक्त ओठ बघून बोलायचे. डॉक्टर म्हणाले की बारीक, उंच आवाज आधी जातात, जाडे नंतर. म्हणजे ट्रक ऐकू येणार आणि पक्षी नाहीत. निवृत्तीनंतर आम्ही अयोध्या नगरात घर बांधलं. एका थंडीत गच्चीवर हे खिन्न होऊन म्हणाले, "यंदा धोबी आलेच नाहीत. सगळं बांधकाम झालं ना इकडे, कुठून येणार." आणि त्याच वेळी आमच्या पाण्याच्या टाकीवर, त्यांच्या पाठीमागे, तो एवढासा धोबी पक्षी शेपूट खालीवर करत टीवटीव करत होता. मला रडू आलं. मी त्यांना वळून बघायला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास कानाचं मशीन घेतलं. ते ह्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. ते लावलं की बशीत चमचा ठेवला तरी परात पडल्यासारखं वाटतं, म्हणाले. टीव्हीवरच्या बातम्यांपुरतं लावायचे आणि काढून ठेवायचे. दमट हवेनं बिघडू नये म्हणून मी एका छोट्या स्टीलच्या डबीत थोडे तांदूळ घालून दिले होते, त्यात ते मशीन झोपलेलं असायचं. गणनेच्या मंडळींना सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. "एकदा कळलं की पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत," हे म्हणाले. "आदरानं एखादी खुर्ची देतील आणि चहा देतील." त्यांच्याजवळ आता त्या एका सकाळीखेरीज मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

गणनेच्या आदल्या दिवशी मावठा सुरू झाला. पावसाळ्यातल्या पावसाला भोपाळ तयार असतं, हिवाळ्यातल्या ह्या पावसाला कधीच नसतं. रजया ओल्या लागतात, भिंती गारठतात, आणि पहाटे धुकं उतरलं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नाही. मी म्हटलं, यंदा नका जाऊ. हे दुर्बीण पुसत होते. ऐकू आलं नाही की ऐकून घेतलं नाही, ते मला हल्ली ओळखता येत नाही. मग मी माझा स्वेटर आणि ह्यांची लाल माकडटोपी काढून ठेवली. लाल टोपी ह्यांनी परत कपाटात टाकली. गणनेला भडक रंग चालत नाही. मातकट कपडे घालायचे, मोबाइल गप्प ठेवायचे, आणि काठावर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कारण एक थवा उडाला की तो शेजारच्या टप्प्यात, म्हणजे दुसऱ्या जोडीला मोजायला दिलेल्या काठाच्या तुकड्यात, जाऊन बसतो आणि दोनदा मोजला जातो. मी इतकी वर्षं ह्यांच्या जोडीला लिहिणारी म्हणून जाते, तेव्हा हे नियम मला तोंडपाठ आहेत. ह्यांनी शेवाळी स्वेटर, वर खाकी जाकीट घातलं. माणूस मुद्दाम दिसेनासा व्हायला निघाला होता.

अंधार असतानाच गाडी काढली. हबीबगंजपर्यंत रस्त्याचे दिवे होते तोवर ठीक होतं. भदभद्याच्या पुढे समोर नुसतं पांढरं, आणि वायपर काचेवर कुरकुरत होता. मी अर्ध्या वाटेवर बघितलं तर ह्यांनी मशीन लावलं होतं. मला जरा धीर आला. पण बिशनखेडीच्या बाजूला काठाजवळ गाडी थांबवली, दार उघडलं, पावसाचे थेंब आत आले, तसं ह्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"अहो, लावून ठेवा ना."

"भिजलं तर गेलंच ते. पर्समध्ये ठेव." आणि मोबाइलही भिजेल म्हणून गाडीतच ठेवला.

गणना बघणाऱ्या बाई कॉलेजात शिकवतात. हसतमुख, पण कामाच्या बाबतीत कडक. त्यांनी छत्रीखाली सगळ्यांना टप्पे वाटले. धुक्यामुळे काहींनी आपले टप्पे मोकळ्या काठावर मागून घेतले. राहिला तो पाणकणसाच्या, त्या उंच पाणगवताच्या बेटाजवळचा, जिथे चांगल्या उजेडातही पक्षी दिसत नाहीत, नुसते बोलतात. बाई ह्यांच्याजवळ आल्या. "सर, आज आँखें तो किसी काम की नहीं. आपके कानों का ही भरोसा है."

ह्यांनी त्यांच्या ओठांकडे बघून ते ओळखलं असावं. आता तरी नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. पाय दुखतोय म्हणा, सर्दी झाली म्हणा. ह्यांनी मान डोलावली आणि चालायला लागले.

हिवाळ्यात तलावाचं पाणी मागे सरतं तसा काठ मोठा होतो. वरचा भाग वाळतो, त्यात गावकरी गहू-हरभरा करतात. पुढे पुढे मात्र वरून सुकलेला दिसणारा आणि आत लपलपीत असलेला गाळ असतो. आमच्या टप्प्याची खूण म्हणून एक काठी रोवलेली होती, तिच्यापाशी आम्ही उभे राहिलो. हे मान किंचित कलती करून, डोळे मिटून उभे होते, अगदी पूर्वी ओट्यावर बसायचे तसे. मला मात्र सगळं ऐकू येत होतं. पलीकडून पाण्यावर काहीतरी सपसप करत गेलं. दूर मोटारपंप चालू होता. आणि मग पाणकणसातून ती बारीक शिट्टी आली, एकीला दुसरी उत्तर देत असल्यासारखी. ती मी ह्यांच्याबरोबर इतक्यांदा ऐकली आहे की मलासुद्धा कळलं, अडई बदकं आहेत.

मी त्यांची बाही ओढली. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अडई बोलून राहिल्या बहुतेक."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ. त्यांचा चेहरा मला बघवेना. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, सगळा जीव कानात आणून उभे, आणि ती बदकं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर बिनधास्त गप्पा मारत होती.

"काही नाहीये तिथे," हे शेवटी म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं." मग दुर्बीण गळ्यात नीट केली. "मी जरा पुढे जाऊन बघतो. ऐकण्यावर लिहून चालत नाही. तू इथंच थांब."

ऐकण्यावर लिहून चालत नाही, हे कोण म्हणत होतं! मी म्हटलं, "नका जाऊ, गाळ आहे." पण तोवर ते वळले होते, आणि वळल्यावर त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. चार पावलांवर जाकीट धूसर झालं, आणखी थोडं पुढे गेले आणि पांढऱ्यात मिळून गेले.

मी काठीपाशी थांबले. जोडीतल्या एकानं खूण सोडायची नाही हाही नियमच. आधी वाटलं येतील आता. पावसाची भुरभूर कागदावरच्या प्लास्टिकवर पडत होती. पर्समधली डबी हलली की तांदूळ वाजायचे, आणि प्रत्येक वेळी मला आठवायचं की त्या माणसाचे कान माझ्या पर्समध्ये आहेत. कुणी मागून आलं तरी त्यांना कळणार नाही. पायाखालचा गाळ फसकन बसला तरी त्याचा आवाज त्यांना येणार नाही. मी 'या परत' म्हटलं तर तेही नाही. मागच्या हिवाळ्यात ह्याच बाजूला एक म्हैस गाळात रुतली होती, ती काढायला गावातली माणसं दोर घेऊन आली होती, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. आणि हेच तिकडे गेले होते, माणसाला शोभणार नाही अशा हट्टानं, केवळ आपण ऐकू शकत नाही हे डोळ्यांनी भरून काढायला.

मला रागही येत होता. भीती आणि राग ह्यांतलं कोणतं जास्त होतं ते सांगता येणार नाही. असं वाटत होतं की ते आले की डबी त्यांच्या हातावर आपटावी आणि सरळ गाडीत जाऊन बसावं. फक्त आधी यावेत.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा. एकदाच. नंतर काहीच नाही.

तो मासा असेल, एखादं बदक असेल, हे आता लिहिताना सुचतंय. तेव्हा नाही सुचलं. "अहो," मी म्हटलं. नियमाच्या धाकानं हळूच. मग जरा मोठ्यानं, "अहो!" शिट्टी घालणाऱ्या अडई गप्प झाल्या. मी कागद टाकला आणि चार पावलं पुढे गेले, चप्पल चिकटली, तशी परत मागे आले. कुणीकडे जायचं तेच कळेना. सगळीकडे सारखंच पांढरं. आणि 'अहो' ही काय हाक आहे का? धुक्यात ती कुणालाही लागते आणि कुणालाच लागत नाही.

मग माझ्या तोंडातून ह्यांचं नाव निघालं. नुसतं नाव. पुढे राव नाही, मागे काही नाही, लहान मुलाला हाक मारावी तसं. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. एकदा ओरडले, मग थांबताच येईना. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याला मी हाका मारत होते, हे मला ओरडतानाच कळत होतं, आणि तरी ओरडत होते.

त्यांना ऐकू गेलं नाही. पण पक्ष्यांना गेलं. पाणकणसाच्या पलीकडून एकदम केवढा तरी फडफडाट झाला, पाणी आपटलं, घोगरे आवाज करत मोठे पक्षी माझ्या डोक्यावरून गेले, त्यांच्यामागून दुसरे, आणि मग सगळा तलावच उठल्यासारखा झाला. कुठून कुठून थवे उठले. ते दिसत नव्हते, नुसते पंख ऐकू येत होते. आणि मग सगळं शांत झालं.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात आधी काहीतरी करडं हललं, मग ते खाकी झालं. हे ताडताड येत होते. एका पायात बूट नव्हता आणि त्या पायाला गुडघ्यापर्यंत काळा गाळ होता. इतके चिडलेले मी त्यांना क्वचित पाहिले असतील.

"कोण मूर्ख ओरडलं इथे? सगळा थवा उठवला! पट्टकादंब होते, डोक्यावर काळ्या पट्ट्यावाले हंस, आत्ता कुठे नीट दिसायला लागले होते. कोण होतं?"

त्यांना हाक कळली नव्हती. डोक्यावरून पळणारे हंस बघून त्यांनी ताडलं होतं की कुणीतरी आवाज केला, आणि त्या कुणाला तरी झापायला ते परत आले होते. मी छातीवर बोट ठेवून दाखवलं. मी. त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी माझा चेहरा बघितला, आणि त्यांचा आवाज खाली आला. "का गं? काय झालं?"

सांगूनही त्यांना ऐकू आलं नसतं.

तोवर बाई शेताच्या बांधावरून लगबगीनं आल्या. त्यांना धाप लागली होती. मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि ती बसायला हवीच होती, सगळ्यांची सकाळ मी उधळली होती. पण त्या ह्यांच्याकडे बघून सुटल्यासारख्या हसल्या. "सर, आप ठीक हैं! आंटी ने आपका नाम लेकर ऐसी आवाज़ दी कि उस पार वालों ने भी सुना. हम तो डर गए. आपने नहीं सुना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. गाळाकडे बघत राहिले. साप दिसला, पाय घसरला, असं काहीतरी मी बोलणार होते, तोंडही उघडलं होतं.

"नहीं," हे म्हणाले. "मुझे कम सुनाई देता है. पिछले साल से. बताया नहीं, कि आप लोग बुलाना बंद कर देंगे."

बाईंनी ह्यांच्या गाळानं माखलेल्या पायाकडे बघून विचारलं, किती पुढे गेला होतात? ह्यांनी हातानं दाखवलं. "आणखी दोन पावलं गेलो असतो तर सगळे मोजून झाले असते," ते हिंदीत म्हणाले, अजूनही हळहळत. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "उसके आगे तो पूरी दलदल है, सर. वहाँ गाँव वाले भी नहीं जाते."

ह्यांनी आपल्या पायाकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. नंतर बाईंनी विचारलं की उडून गेले ते अंदाजे किती होते, लिहून घेऊ का. ह्यांनी मान हलवली. ते शेजारच्यांकडे जाऊन बसले असतील, तिथे मोजले जातील, आमच्या टप्प्यावर काही लिहू नका, म्हणाले. निघताना बाई मला नाही, त्यांना म्हणाल्या, ओठ दिसतील अशा बेतानं समोर उभं राहून, "अगले साल आंटी को साथ लेकर चलिए. पीछे मत छोड़िए." मला तेव्हाच पुढच्या वर्षीची काळजी सुरू झाली.

आम्ही गाडीत बसलो. ह्यांनी एक बूट आणि एक चिखलाचा पाय पेडलवर ठेवला, किल्ली लावली, आणि माझ्यासमोर तळहात पसरला. मी पर्समधून डबी काढून दिली. त्यांनी तांदूळ झटकले, मशीन कानात बसवलं आणि गाडी चालू केली. काचेवर वायपर फिरला.

"हा कधीपासून कुरकुरतोय?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

"सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं."

पाऊस टपावर वाजत होता, तो त्यांना टोचत असणार, कारण डोळे बारीक केले होते. पण मशीन काढलं नाही. गाडी गिअरमध्ये टाकली नाही. वायपर बंद केला.

"आता मार," ते म्हणाले.

"काय?"

"हाक. मघाशी मारलीस ती. मी सोडून सगळ्या तलावानं ऐकली."

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्यांनी मान किंचित कलती केली, डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. काचा धुरकटल्या होत्या, बाहेर कुणी नव्हतं. मी ते नाव घेतलं, अगदी हळू, तोंडातल्या तोंडात.

"आलं," ते म्हणाले.